डॉ. कमला सोहोनी : जीवरसायनशास्त्र आणि लोकहिताचे विज्ञान

डॉ. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत; जन्म १८ जून १९११, इंदूर; मृत्यू २८ जून १९९८, नवी दिल्ली) या भारतातील जीवरसायनशास्त्राच्या आद्य संशोधकांपैकी एक होत. केंब्रिज विद्यापीठातून १९३९ मध्ये त्यांनी विज्ञान शाखेत पीएच. डी. संपादन केली. वनस्पतींच्या पेशींमधील श्वसनक्रिया, कडधान्यांतील प्रथिने, नीरेचे पोषणमूल्य आणि दुधाची प्रत हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालकपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला. निवृत्तीनंतर त्यांनी आपले शास्त्र ग्राहक चळवळीच्या हाती दिले. गोमंतकीय वाचकांना त्यांच्या थोरल्या भगिनी दुर्गा भागवत अधिक परिचित असतील. परंतु आपल्या ताटातल्या डाळीचा, दुधाचा आणि माडा-ताडाच्या रसाचा शास्त्रीय विचार करणाऱ्या या धाकट्या बहिणीचे कार्यही तितकेच मोलाचे आहे.

मध्य भारतातील मराठी घर

अठराव्या शतकात मराठी सत्ता उत्तरेकडे विस्तारली. त्यानंतर ग्वाल्हेरला शिंदे, इंदूरला होळकर आणि धार व देवासला पवार यांची संस्थाने स्थिरावली. या संस्थानांच्या आश्रयाने कारभारी, शिक्षक, वैद्य, गवई अशी असंख्य मराठी कुटुंबे नर्मदेपलीकडे वसली. ग्वाल्हेरने ख्यालगायकीचे घराणे दिले, तर इंदूरने अनेक मराठी लेखक आणि चित्रकार घडविले. २८ मे १९४८ रोजी ही संस्थाने मिळून मध्यभारत राज्य अस्तित्वात आले, तेव्हा ग्वाल्हेर ही त्याची हिवाळी आणि इंदूर ही उन्हाळी राजधानी ठरली. महाराष्ट्राबाहेर राहूनही मराठी भाषा आणि विद्याव्यासंग टिकविणाऱ्या या प्रदेशातच दुर्गा (जन्म १० फेब्रुवारी १९१०) आणि कमला या भागवत भगिनींचा जन्म झाला.

भागवतांच्या घरात रसायनशास्त्र हा परका विषय नव्हता. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळुरूला टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या विज्ञान संस्थेच्या प्रारंभीच्या विद्यार्थ्यांमध्ये त्यांची गणना होते. त्यामुळे मुलीनेही त्याच संस्थेत जाऊन संशोधन करावे, ही अपेक्षा घरात स्वाभाविक होती. कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन बी. एस्सी. ही पदवी घेतली. गुणवत्ता यादीत त्या अग्रस्थानी होत्या. बंगळुरूच्या संस्थेत प्रवेश मिळण्यात काही अडचण येईल, असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते.

बंगळुरूचा नकार आणि तीन अटी

१९३३ मध्ये संस्थेच्या संचालकपदी सर चंद्रशेखर वेंकट रामन आले. त्यांना १९३० मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय होते. त्यांनी कमला भागवत यांचा अर्ज नाकारला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्जदार स्त्री होती म्हणून. स्त्रिया संशोधनाचे काम समर्थपणे करू शकणार नाहीत, अशी रामन यांची धारणा होती.

नारायणराव आणि माधवराव यांनी मध्यस्थी करून पाहिली. तिचा उपयोग झाला नाही. अखेर कमलाबाई स्वतः बंगळुरूला गेल्या. कोणत्या नियमाने आपल्याला प्रवेश नाकारला जात आहे, हे त्यांनी संचालकांना विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांच्या कार्यालयापाशी सत्याग्रह आरंभिला. मिठाच्या सत्याग्रहाला तीनच वर्षे झाली होती आणि महात्मा गांधींचा प्रभाव त्या पिढीच्या मनावर खोल होता. रामन यांना माघार घ्यावी लागली. पण ती माघार बिनशर्त नव्हती. पहिले वर्ष कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे त्यांनी रात्री उशिरापर्यंतही काम करावे आणि प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होईल असे वातावरण त्यांच्यामुळे निर्माण होऊ नये, अशा तीन अटी त्यांना घालण्यात आल्या.

तिसरी अट वाचताना आजही मनाला टोचते. वातावरण बिघडले तर त्याचा दोष आधीच त्या एकट्या मुलीच्या माथी मारला गेला होता. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. मात्र अपमान विसरल्या नाहीत. उतारवयात भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेने त्यांचा सत्कार केला. तेव्हा रामन यांची शास्त्रज्ञ म्हणून थोरवी मान्य करूनही, स्त्री म्हणून त्यांनी आपल्याला दिलेली वागणूक किती संकुचित होती, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले.

संस्थेत त्यांना एम. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. शिस्तीला कडक, पण विद्यार्थ्याची पात्रता ओळखणारे असे ते गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. भारतीय माणसाच्या, विशेषतः शाकाहारी आणि गरीब माणसाच्या आहारात प्रथिनांचा मुख्य आधार डाळींचा. तरीही त्या डाळींची रासायनिक घडण त्या काळी फारशी तपासली गेली नव्हती. कडधान्यांतील नत्रयुक्त घटकांवरील त्यांचा आणि श्रीनिवासय्यांचा निबंध ब्रिटनमधील ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना विशेष गुणवत्तेसह एम. एस्सी. पदवी दिली.

वर्षभरातच संचालकांचे मत पालटले. कमलाबाईंचे काम पाहून रामन यांनी नियमित प्रवेश मान्य केला आणि पुढे संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींनाही उघडले. पुढील काळात रामन यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत ललिता दोराईस्वामी, सुनंदाबाई आणि अ‍ॅना मणी या स्त्रियांनी संशोधन केले. दार उघडले म्हणून वाट सोपी झाली, असे मात्र नाही. अ‍ॅना मणी यांचा प्रबंध पूर्ण होऊनही, त्यांच्यापाशी एम. एस्सी. पदवी नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. दिली नाही.

केंब्रिज : बटाट्यातील शोध

मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांवर कमला भागवत १९३७ मध्ये इंग्लंडला गेल्या. केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख त्या वेळी सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांच्या शोधातील वाट्याबद्दल त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. स्त्री संशोधकांना मोकळेपणाने जागा देणाऱ्या युरोपातील मोजक्या प्रयोगशाळांपैकी ही एक होती. तरीही जागेची टंचाई होतीच. तेव्हा डेरेक रिक्टर या तरुण संशोधकाने, आपले टेबल दिवसा त्यांनी वापरावे, आपण रात्री काम करू, अशी तयारी दाखविली. बंगळुरूत प्रयोगशाळेतील स्त्रीची उपस्थिती हीच अडचण मानली गेली होती. येथे टेबल कमी पडते एवढीच अडचण होती आणि ती पाळी ठरवून सुटली.

रिक्टर यांच्याबरोबर केलेले काम विकरांसंबंधी होते. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकर म्हणतात. अमीन ऑक्सिडेज नावाच्या विकरावर भागवत, ब्लाश्को आणि रिक्टर या तिघांचा निबंध १९३९ मध्ये ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये आला. हेच विकर पुढे मोनोअमीन ऑक्सिडेज या नावाने ओळखले जाऊ लागले. मेंदूतील काही संदेशवाहक रसायनांचे विघटन ते करते. १९५०च्या दशकात नैराश्यावरील पहिल्या औषधांपैकी काही औषधे या विकराला रोखूनच परिणाम साधतात, असे आढळले. त्या औषधांपर्यंत पोहोचणाऱ्या दीर्घ वाटेवर कमला भागवत यांच्या कामाचाही एक टप्पा आहे.

रिक्टर अन्यत्र गेल्यानंतर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासातील ‘हिल अभिक्रिया’ ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे हिल. त्यांच्याबरोबर कमलाबाईंनी बटाट्याच्या आणि इतर वनस्पतींच्या पेशींमधील श्वसनाचा अभ्यास केला. प्राण्यांच्या पेशींत अन्नातील ऊर्जा मोकळी होताना इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सोपविले जातात. या साखळीत सायटोक्रोम सी हे लोहयुक्त प्रथिन महत्त्वाचे काम करते. सायटोक्रोमांचे हे कार्य केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांनी १९२०च्या दशकात उलगडले होते. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते आणि तेथेही ते श्वसनाच्याच कामी येते, हे कमलाबाईंच्या संशोधनातून पुढे आले. हिल आणि भागवत यांची या विषयावरील टिपणी १९३९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

या शोधाचे महत्त्व सामान्य भाषेत सांगायचे तर असे : बटाट्याचा कंद आणि माणसाचा स्नायू दिसायला कितीही भिन्न असले, तरी श्वासातून ऊर्जा मिळविण्याची त्यांची यंत्रणा मुळात एकच आहे. सजीवसृष्टीच्या एकतेचा हा रासायनिक पुरावा होता. पुढे निरनिराळ्या जीवांतील सायटोक्रोम सीची रचना पडताळून उत्क्रांतीतील नातीगोती शोधण्याची पद्धतच रूढ झाली.

केंब्रिजला आल्यापासून सुमारे सव्वा वर्षात, अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर, कमला भागवत यांना पीएच. डी. मिळाली. प्रबंधाचे मोल पानांवरून ठरत नाही, याचे हे चांगले उदाहरण. येथे एक विसंगतीही नोंदवायला हवी. ज्या केंब्रिजने त्यांना मोकळ्या मनाने प्रयोगशाळा दिली, त्या विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी आणि सभासदत्व देण्यास १९४८ मध्ये प्रारंभ केला.

त्यांचा उल्लेख विज्ञानात पीएच. डी. मिळविणारी पहिली भारतीय महिला असा केला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच डी. एस्सी. दिली होती आणि रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जी यांनी १९४४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची डी. एस्सी. मिळविली. पदव्यांची नावे वेगळी असल्याने ‘पहिली कोण’ या प्रश्नाला एकच उत्तर देणे योग्य नाही. या तिघींनी मिळून एक पिढी घडविली, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

दिल्ली, कुन्नूर आणि मुंबई

इंग्लंड-अमेरिकेत थांबण्याची संधी त्यांना मिळू शकली असती. पण १९३९ मध्ये त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद त्यांनी स्वीकारले. हे महाविद्यालय स्त्रियांसाठीच होते. विभाग नवा, संशोधनाची सोय तुटपुंजी. काही काळाने त्या निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून रुजू झाल्या.

कुन्नूरच्या या प्रयोगशाळेचा उगम १९१८ मधला. बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासासाठी रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी तेथे काम सुरू केले होते. पुढे ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने नावारूपास आली. कमलाबाईंनी तेथे जीवनसत्त्वांवर काम केले. हिरड्या सुजणे आणि त्यांतून रक्त येणे यांसारख्या तक्रारींचा आहाराशी असलेला संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता. निबंध प्रसिद्ध होत होते; पण या संस्थेत वरचे पद आपल्याला मिळेल अशी चिन्हे दिसेनात, म्हणून त्यांनी राजीनामा देण्याचा विचार केला. १९४७ मध्ये त्यांचा विवाह विमागणिती माधवराव सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईला आल्या.

मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग सुरू होत होता. तेथे प्राध्यापक म्हणून त्यांची निवड झाली. पुढची सुमारे दोन दशके त्यांनी याच संस्थेत घालविली. आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी विषय निवडले ते भारतीय माणसाच्या, त्यातही गरिबाच्या अन्नातून : कडधान्ये, भाताचे पीठ, नीरा. प्रयोगशाळेतील उपकरणे साधी असली तरी प्रश्न साधे नव्हते.

डाळ शिजवावी का लागते?

सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामाचा मोठा भाग कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधक द्रव्यांविषयी आहे. ट्रिप्सिन हे आपल्या पचनमार्गात प्रथिने पचविणारे विकर. स्वादुपिंडातून ते स्रवते. अनेक कडधान्यांत अशी प्रथिने असतात की जी या ट्रिप्सिनलाच जखडून ठेवतात. वनस्पतीच्या दृष्टीने हा बचाव आहे. दाणा खाणाऱ्या किड्याचे पचन बिघडले की दाणा वाचतो. माणसाच्या दृष्टीने मात्र परिणाम असा की, कच्चे कडधान्य खाल्ले तर त्यातील प्रथिने असूनही पुरती अंगी लागत नाहीत.

भारतीय खाद्यपदार्थांत, कडधान्यांबरोबरच भाज्यांतही, ही रोधक द्रव्ये किती प्रमाणात आहेत, याची पाहणी सोहोनी यांच्या विभागाने १९५०च्या दशकात प्रसिद्ध केली. यांपैकी बहुतेक द्रव्ये ओल्या उष्णतेने निष्प्रभ होतात. वाल रात्रभर भिजत घालणे, मुगाला मोड आणणे, चवळी मऊ होईतो शिजविणे, या घराघरातील रीतींमागे असे पक्के रसायनशास्त्र आहे. गोव्यात अळसांद्यांचे तोणाक करणारी गृहिणी दाणे आधी भिजवून पूर्ण शिजवून घेते, ते केवळ चवीसाठी नव्हे. परंपरेला प्रयोगशाळेची साक्ष मिळाली की तिच्यातले राखण्याजोगे काय आणि सोडण्याजोगे काय, हे ठरविणे सोपे जाते.

नीरा : झाडावरचे पोषण

सोहोनी यांचे सर्वाधिक गाजलेले काम नीरेवरील. ताड, शिंदी किंवा माड यांच्या पोईला छेद देऊन थेंब थेंब रस मडक्यात गोळा करतात. सूर्योदयापूर्वी उतरविलेला, न आंबलेला हा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढले की हवेतील यीस्टमुळे तो आंबू लागतो, साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते आणि नीरेची ताडी बनते. मडक्याला आतून चुना लावला की आंबण्याचा वेग मंदावतो. माडावर चढणारा रेंदेर आणि त्याची सूर गोमंतकीयांना नवी नाही. सूर, तिच्यापासूनचा व्हिनेगर आणि माडाचा गूळ ही आपल्या स्वयंपाकघराची जुनी सामग्री. त्या सुरीची, अगदी पहाटेची, न आंबलेली अवस्था म्हणजेच नीरा.

पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी नीरेचे पोषणमूल्य तपासण्याचे काम हाती घेतले. त्यांच्या प्रयोगशाळेला नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे तसेच लोह लक्षणीय प्रमाणात आढळले. नीरा आटवून केलेल्या गुळात आणि काकवीतही हे घटक टिकतात, असे त्यांनी नोंदविले. पुढे आदिवासी समाजातील कुपोषित मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश करून पाहिला असता त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कामाबद्दल सोहोनी यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

या संशोधनाकडे केवळ एका पेयाची वाखाणणी म्हणून पाहणे पुरेसे नाही. महागडी औषधे किंवा परदेशी पोषक चूर्णे ज्यांच्या आवाक्याबाहेर आहेत, त्यांच्या अंगणातील झाडावरच काही पोषण मिळते का, हा त्यामागचा प्रश्न होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात, अन्नधान्याची टंचाई असताना, हा प्रश्न विचारण्यासाठी केंब्रिजमध्ये शिकलेल्या शास्त्रज्ञाने आपले कौशल्य खर्ची घातले, हे महत्त्वाचे.

आरे दूध प्रकल्पाच्या सल्लागार म्हणूनही त्यांनी काम केले. मुंबईच्या उपनगरात गोरेगाव येथे १९४९ मध्ये सुरू झालेल्या या वसाहतीतून शहराला दूध पुरविले जात असे. दूध नासू नये आणि त्याची प्रत टिकावी, यासाठीची कार्यपद्धती बसविण्यात त्यांचा वाटा होता.

संचालकपदाचा विलंब

ज्येष्ठता आणि कर्तृत्व या दोन्ही निकषांवर संस्थेचे संचालकपद सोहोनी यांच्याकडे यायला हवे होते. ते सुमारे चार वर्षे रखडले. अंतर्गत राजकारण आणि स्त्री असणे ही कारणे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहेत. बंगळुरूच्या नकाराला तेव्हा तीन दशके होत आली होती. एका व्यक्तीचा पूर्वग्रह सत्याग्रहाने मोडता येतो. पण कोणीच उघडपणे ‘नाही’ म्हणत नाही आणि धारिका मात्र पुढे सरकत नाही, तेव्हा लढायचे कोणाशी, हा प्रश्न उरतो. अखेर त्या संचालक झाल्या. एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या पहिल्या महिला संचालक म्हणून त्यांनी इतिहास घडविला, अशा आशयाचे कौतुक डेरेक रिक्टर यांनी केले. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

प्रयोगशाळेतून बाजारात

१९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. ग्राहक संरक्षण कायदा येण्यास तेव्हा वीस वर्षे अवकाश होता. तो १९८६ मध्ये आला. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा होता. पण पुडीतली हळद खरी की रंगविलेली, हे ग्राहकाने ओळखायचे कसे, हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. सोहोनी या संस्थेच्या कार्यात उतरल्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. लहान विद्यार्थ्यांसाठी मराठीतून विज्ञानलेखनही केले.

भेसळीचा प्रश्न केवळ दर्जाचा नसतो, तो जिवावरचा असतो. सोहोनी यांच्या निधनानंतर अवघ्या दोन महिन्यांत, ऑगस्ट १९९८ मध्ये, दिल्लीत साथीच्या जलोदराने हाहाकार माजविला. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेल्याने हा विकार होतो. त्यातील सँग्विनरिन हे विषारी द्रव्य रक्तवाहिन्यांना इजा करते, अंगावर सूज येते आणि हृदय निकामी होऊ शकते. या साथीत ६० हून अधिक माणसे दगावली. २००० मध्ये हीच साथ ग्वाल्हेरमध्ये उद्भवली. तेल विकत घेणाऱ्याला डोळ्यांनी काहीही कळण्यासारखे नव्हते. नायट्रिक आम्लाची साधी चाचणी भेसळीचा संशय दाखवून देऊ शकते. पण ती कोणी तरी करायला हवी, वेळेवर करायला हवी आणि तिचा निष्कर्ष लोकांना सांगायला हवा.

गोव्याला याची प्रचिती जुलै २०१८ मध्ये आली. मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मेलिनचा अंश असल्याचे प्राथमिक चाचणीत दिसले, नंतर तो मर्यादेत असल्याचे सांगण्यात आले आणि काही दिवस बाहेरच्या मासळीवर बंदी घालावी लागली. मासळीच्या शरीरात फॉर्माल्डिहाइड नैसर्गिकरीत्याही काही प्रमाणात असते. नैसर्गिक किती आणि घातलेले किती, हा नेमका जीवरसायनशास्त्राचा प्रश्न. त्या दिवसांत चर्चा मात्र प्रामुख्याने आरोप-प्रत्यारोपांचीच झाली. चाचणी कोणती, तिच्यात काय कळते आणि काय कळत नाही, हे लोकांच्या भाषेत सांगणाऱ्या विश्वासू शास्त्रज्ञाची उणीव राज्याला तेव्हा जाणवली. सोहोनी यांनी ‘कीमत’मधून जे केले, त्याचे मोल अशा वेळी कळते.

दोन बहिणी

दुर्गा भागवत यांनी ‘ऋतुचक्र’, ‘व्यासपर्व’, ‘पैस’ यांसारख्या ग्रंथांनी मराठी ललित गद्य समृद्ध केले. १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठविला. पाककलेवर ‘खमंग’ हे पुस्तकही त्यांनी लिहिले. एक बहीण खाद्यपदार्थांतील संस्कृती शोधत होती, तर दुसरी त्यांतील रसायने. अन्याय दिसला तेव्हा दोघींनीही गप्प राहणे नाकारले. एकीने संमेलनाच्या व्यासपीठावर, दुसरीने संचालकांच्या दारात. दुर्गाबाईंचे नाव महाराष्ट्रात आणि गोव्यात घरोघरी पोहोचले, कमलाबाईंचे राहून गेले. विज्ञानातील कार्य इंग्रजी निबंधांत बंदिस्त राहते आणि मराठी वाचकापर्यंत पोहोचत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

उशिरा आलेला सन्मान

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तत्कालीन महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना सोहोनी यांच्या कार्याची माहिती झाली, तेव्हा त्यांनी दिल्लीत त्यांच्या सत्काराचा समारंभ योजिला. सत्तरीतही ग्राहक संघटनेचे काम करणाऱ्या कमलाबाई आता ऐंशी पार केलेल्या होत्या. सभागृह टाळ्यांनी निनादत असतानाच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात, २८ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘लीलावतीज् डॉटर्स’ या भारतीय स्त्री शास्त्रज्ञांविषयीच्या ग्रंथात ग्राहक चळवळीतील त्यांच्या सहकारी वसुमती धुरू यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. १८ जून २०२३ रोजी, त्यांच्या ११२व्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले आणि अनेक मराठी वाचकांनी त्यांचे नाव त्या दिवशी प्रथमच ऐकले.

आज देशातील विज्ञान महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय घेणाऱ्यांत मुलींची संख्या मोठी आहे. गोव्यातही चित्र वेगळे नाही. प्रवेश देताना आता कोणी अटी लिहून देत नाही. मात्र पदवी ते संशोधन, संशोधन ते कायम नोकरी आणि तेथून संस्थेचे प्रमुखपद, या प्रत्येक पायरीवर स्त्रियांची संख्या घटत जाते. सोहोनी यांच्या जीवनक्रमात नकार प्रवेशाच्या वेळी आला, तसा तो पदोन्नतीच्या वेळीही आला. पहिला सर्वांना ठाऊक आहे, कारण त्यात नोबेलविजेत्याचे नाव आहे. दुसरा कोणाच्याच नावावर नाही. म्हणून तो ओळखणे आणि दूर करणे अधिक कठीण आहे.